एका लेन्सची पोच

नाशिक
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

निकू,

फोन उचलायचा नाही हे तू ठरवलंयस. मला ते पटलेलं नाही, पण कळलंय. म्हणून हे पत्र. मेसेज करता आला असता, पण त्या दोन निळ्या खुणा झाल्या की मी दिवसभर फोनकडे बघत बसते आणि ऑफिसात चुका करते. सुट्टी लागायच्या आधी एका मुलीच्या दाखल्यावर मी जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख टाकली. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. हेडसरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं, ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

तुझा पत्ता माझ्याकडे आहे तोसुद्धा पेन्शनच्या कागदांमुळे. वारसाचा पूर्ण पत्ता लागतो म्हणून विचारला, तर तू तेवढाच पाठवलास, पिनकोडसकट. पुढे-मागे एक शब्द नाही. इंदूर म्हणजे काही परदेश नाही. संध्याकाळी बसमध्ये बसलं की सकाळी नाशिक येतं. साडेतीन वर्षांत तुला ती एक बस मिळाली नाही. असो, टोमणे मारायचे नाहीत असं ठरवून बसले होते.

मुद्द्यावर येते. येत्या मे महिन्यात मी रिटायर होतेय. त्याआधी मला तुला एक लेन्स घेऊन द्यायची आहे. लांबचे पक्षी जवळ आणते ती. तुझी होती तसली.

तुझी ती तू शिकवण्या घेऊन घेतलेली, आधीच कोणीतरी वापरलेली, वरवंट्याएवढी जड. झूम करायची तर सायकलच्या पंपासारखी पुढे-मागे ओढायची. तू तिला ऐंशी-दोनशे म्हणायचीस. मला तो आकडा बरेच दिवस क्रिकेटचा वाटायचा. ती लेन्स गेल्यानंतर तू इथे वर्षभर होतीस, पण कॅमेरा काही डोळ्याला लावला नाहीस. नुसता काढायचीस, पुसायचीस आणि परत ठेवायचीस. मी बघत होते.

नव्या लेन्सची किंमत बघितली आणि मोबाइल उलटा ठेवून दिला. त्यामुळे जुनीच बघायची. सणाची उचल मिळाली आहे, तेवढ्यात बसवायचं. आपल्याकडे कोणाला त्यातलं कळत नाही, तुझे पप्पा असते तर त्यांनी अंबडच्या कंपनीतून कोणीतरी माहितगार शोधून आणला असता. मीच शोधते.

झालं ते झालं. वस्तू हरवतात. हरवलेल्या वस्तूपायी कोणी आईचं घर टाकत नाही. तू म्हणशील, मी लेन्सपायी नाही टाकलं. जाताना दारात तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे, ते इथे लिहीत नाही.

जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला तुझे ते पाहुणे पक्षी येतात. लेन्स तोवर मिळाली तर तूही ये. मला एवढंच हवंय, की तू या घरात एकदा येऊन राहावंस.

तुझी आई

नाशिक
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

निकू,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. ऑफिसच्या भाषेत याला पत्र पोचलं असं म्हणतात. मी तेवढ्यावर पुढचं लिहितेय.

काल देवळाली कॅम्पला जाऊन आले. मोबाइलवर जाहिरात होती, जुनी लेन्स विकणे आहे, उत्तम स्थिती, फक्त माहितगारांनी फोन करावा. मी माहितगार नाही असं आधीच सांगून टाकलं. पलीकडून आवाज आला, "मग तर या ताई. माहितगार लय घासाघीस करतात."

मल्हारी सानप नाव. तोफखान्यातले रिटायर्ड हवालदार, सत्तरीचे असतील. आवाज मोठा, कारण ऐकायला कमी येतं. कान तोफांनी नेले म्हणाले, आणि आता हात कापतात म्हणून लेन्स विकतोय. अंजनेरीच्या गिधाडांचे फोटो भिंतभर लावलेत. एका फोटोत गिधाड सरळ माझ्याकडे बघत होतं, मला काही चहा गोड लागला नाही.

त्यांनी लेन्स माझ्या हातात दिली आणि बॅटरी दिली. मी म्हटलं, दिवसाढवळ्या बॅटरी कशाला?

"मागून उजेड मारा अन् पुढून तिरकं बघा. काय दिसतं?"

"काही नाही. काच."

"मग बरोबर. काही नाय दिसलं पायजे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. नवी नवी असली तर पुसून निघती. वर्षं झाली की काचेवरचा थर खाती ती, मग कोणी देव आला तरी नाय निघत."

मी विचारलं, कशाने येते? तर म्हणाले, "कोंडून ठेवल्याने. अंधार, ओल अन् वारा नाय. लोक लय जपायला जातात, लोकरीत गुंडाळतात, पेटीत घालतात, कुलूप लावतात. भिंगाला उजेड दाखवायचा ताई, आठवड्याला एकदा तरी."

मग लेन्सवरची अंगठी फिरवून बघितली, अडकते का. उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पात्यांना तेल लागलंय का ते बघितलं. हलवून कानाशी धरली, काही खडखडतंय का. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, ते बघून हवालदार खूश झाले. ही सत्तर-तीनशे आहे, तुझ्या आधीच्या लेन्सपेक्षा लांबचं दिसेल, पण जुनी असल्यामुळे साध्या कॅमेऱ्यावर फोकस आपोआप होत नाही, हाताने करावा लागतो. तू तसंही हातानेच करायचीस.

सगळं जमत आलं आणि त्यांनी विचारलं, कॅमेरा कोणत्या कंपनीचा? मी म्हटलं, काळा आहे. ते हसायला लागले. प्रत्येक कंपनीची मागची कडी वेगळी असते म्हणे, दुसऱ्याची दुसऱ्याला बसत नाही. "पोरीला विचारा," म्हणाले, "नाहीतर तिची जुनी लेन्स घेऊन या, मी बघून सांगतो."

मी म्हटलं, जुनी हरवली.

पाच वर्षं तो कॅमेरा आपल्या घरात होता निकू, आणि मला त्याचं नाव सांगता आलं नाही. तुझ्या टेबलावरची धूळ मीच पुसायचे. तेवढं कंपनीचं नाव कळव, बाकी काही लिहू नकोस हवं तर. हवालदारांनी पंधरा दिवस थांबायचं कबूल केलंय.

आई

नाशिक
रविवार, ८ डिसेंबर २०२४

निकू,

तू नाव कळवलं नाहीस. पण लेन्स घेतली. मागची कडी तुझ्या कॅमेऱ्याला जुळते, खात्री केली आहे. कशी केली ते विचारू नकोस.

हवालदारांनी माझ्याशी घासाघीस करू दिली नाही, उलट स्वतःच थोडे कमी केले. कागदावर लिहून दिलं की सहा महिन्यांत बिघडली तर परत घेईन. मी म्हटलं, पोच दिल्याशिवाय मी पैसे देत नाही आणि घेत नाही. ते म्हणाले, "पलटणीत असता तर सुभेदार झाला असता." मी निघताना त्यांनी ती लेन्स दोन्ही हातांत धरली आणि जरा वेळ दिलीच नाही. मी दुसरीकडे बघितलं.

उद्या पार्सल टाकते. आत औषधाच्या बाटल्यांत असतात त्या बारीक पुड्या घातल्यात, ओल शोषायच्या. आल्या आल्या उघड. गुंडाळून ठेवू नकोस. लोकरीत तर नाहीच. हे मी तुला का सांगतेय, तुला सगळं माहीत असतं. माझं डोकं ठिकाणावर नाही दोन दिवस.

एक मात्र सांगते. तू सदान्कदा त्या पक्ष्यांच्या मागे होतीस तेव्हा माझा जीव कसा होत असेल याचा विचार तू कधी केला नाहीस. पप्पा गेल्यावर मी एकटी. पहाटे चारला तू दार ओढून घ्यायचीस आणि खाली तुझ्या त्या पक्षीवाल्या मित्राची, संघर्षची गाडी सुरू व्हायची, ती अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायची. पायऱ्यांवर बायका भेटल्या की विचारायच्या, निकिता कुठे जाते हो इतक्या लवकर? पक्षी बघायला, असं सांगितलं की त्या गप्प व्हायच्या. गप्प होण्याची ती पद्धत मला झोंबायची. चुका माझ्याकडून झाल्या असतील, पण त्या हवेतून आल्या नाहीत.

हे पत्र पार्सलमध्ये घालत नाही, वेगळं टाकते. पार्सल उशिरा पोचतं.

आई

नाशिक
रविवार, २२ डिसेंबर २०२४

निकू,

पार्सल शुक्रवारी परत आलं. वर हिंदीत लाल शाईने लिहिलंय, लेने से इनकार. पोस्टमनने माझ्याकडून सही घेतली आणि पेन परत मागायला विसरला, इतका तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

पत्रं घेतेस आणि लेन्स घेत नाहीस. दोन दिवस मी याचा अर्थ लावतेय. तुला माझ्याकडून वस्तू नकोय. तू अजून वाट बघतेयस, मी लिहीन याची. तर लिहिते.

तुझी लेन्स हरवली नव्हती. ती माझ्याकडे आहे. पहिल्यापासून माझ्याकडेच होती.

१ मार्च २०२०, रविवार. सिन्नरचे पाहुणे अकराला यायचे होते तुला बघायला. तू पहाटे गेलीस, दहापर्यंत येते म्हणालीस. साडेबाराला आलीस. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काड्या, गळ्यात कॅमेरा. तशीच येऊन बसलीस आणि मुलाच्या आईला विचारलंस, "तुमच्या सिन्नरला देवनदीवर चक्रवाक येतात का?" ती बाई चहा अर्धा ठेवून उठली. ते गेल्यावर मी तुला काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी तू झोपली होतीस. टेबलावर लेन्स काढून ठेवलेली होती. मी ती पप्पांच्या मफलरमध्ये गुंडाळली, डब्याच्या पिशवीत घातली आणि शाळेत नेली. घरात ठेवली असती तर तू शोधली असतीस. शाळेच्या रेकॉर्डरूममधल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, जुन्या जनरल रजिस्टरांच्या मागे ठेवली. कपाटाची किल्ली एकट्या माझ्याकडे असते. रजिस्टरांना कसर लागू नये म्हणून आम्ही डांबरगोळ्या टाकतो, मी चार गोळ्या मफलरमध्येही टाकल्या. मला वाटलं, मी ती जपून ठेवतेय. खरंच असं वाटलं. महत्त्वाची वस्तू म्हटली की मला ते कपाटच सुचतं.

पंधरा दिवसांनी परत देणार होते. सिन्नरकरांना पुन्हा बोलावून तुला एकदा नीट साडीत बसवायचं होतं, तेवढ्यापुरतं. पंधरा दिवसांत शाळाच बंद झाली. मग सगळंच बंद झालं.

त्या दिवसांत रस्त्यावर गाड्या नव्हत्या आणि पक्षी आपल्या गच्चीवर येऊन बसत होते. तुला आठवतं? एक निळा, लांब शेपटीचा, पाण्याच्या टाकीवर यायचा. तू कॅमेरा घेऊन वर जायचीस, ज्याच्या पुढे लेन्सच नाही असा कॅमेरा, आणि तो मांडीवर ठेवून नुसती बघत बसायचीस. मी खाली कणीक मळायचे. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. शाळा चालत वीस मिनिटांवर होती, शिपाई तिथेच राहत होता, अर्धा तास मागितला असता तर पोलिसांनीही सोडलं असतं. मी गेले नाही. कारण तोवर लेन्स परत द्यायची म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

पाच पावसाळे ती त्या कपाटात राहिली. रेकॉर्डरूमची मागची भिंत गळते, मीच दर वर्षी दुरुस्तीचं पत्र पाठवते.

तू कंपनीचं नाव कळवलं नाहीस तेव्हा मी ती काढली. मफलर सोडला तर वास आला, डांबराचा आणि ओलीचा. बॅटरी मागून मारली आणि तिरकं बघितलं. आत जाळं होतं. मी हवालदारांकडे ती नेली नाही, मागचा भाग मोबाइलवर काढून फोटो नेला. ते म्हणाले, "हरवलेली सापडली होय?" मी हो म्हटलं. तिथेही खोटंच.

तू शोधत होतीस तेव्हा मी काय म्हणाले तेही तुला आठवत असेल. मी एवढंच म्हटलं होतं की सोमवारी संध्याकाळी संघर्ष आला होता. तो आलाच होता. मी त्याला चोर म्हटलं नव्हतं.

आता काय करायचं ते तू सांग.

आई

नाशिक
रविवार, १२ जानेवारी २०२५

निकू,

तुझा मेसेज आला. पत्त्यानंतरचा पहिला. "संघर्षला सांगितलंस?"

मी तुला काय करायचं ते सांग म्हटलं होतं, आणि तू सांगितलंस. तरी मला दहा दिवस लागले. आज गेले.

आधी एक दुरुस्ती करते. मागच्या पत्रात मी लिहिलं की मी त्याला चोर म्हटलं नव्हतं. ते खरं नाही. माझं वाक्य असं होतं: "काल तू अंघोळीला गेलीस तेव्हा तो एकटाच बसला होता ना बाहेर? मी काही म्हणत नाही." मी काही म्हणत नाही, हे मी म्हटलं होतं. आणि तू पहिल्यांदा ओरडलीस, मग दोन दिवस गप्प राहिलीस, मग विचारायला गेलीस. मला हायसं वाटलं होतं. आता पक्ष्यांनाही सुट्टी आणि त्यालाही.

त्या खुर्चीत तुझा मामेभाऊ बसलेला असता तर ते वाक्य मी बोलले असते का? नसते. माझ्या तोंडात संघर्षचं नाव इतकं पटकन का आलं ते मला तेव्हाही माहीत होतं. आपल्याकडे त्याचा कप वेगळा होता. स्टीलचा, दांडी वाकलेला, गॅलरीच्या कट्ट्यावर ठेवायचे मी. तू एकदा मुद्दाम त्याच कपात चहा घेतलास आणि पिताना सारखी माझ्याकडे बघत राहिलीस. मी विषय बदलला होता. कोणी मला जातीवरून विचारलं असतं तर मी शाळेत कशी सगळ्यांचे दाखले एकाच शाईने लिहिते ते सांगितलं असतं.

तर आज. नाशिकरोडला त्यांची कॉलनी, विहाराच्या मागची दुसरी गल्ली. मला घर माहीत नव्हतं, विचारत गेले. दार त्याच्या आईने उघडलं, विमलाबाईंनी. अंगणवाडीतून रिटायर झाल्यात. मी नाव सांगितलं, साधना बोरस्ते, निकिताची आई. त्यांनी दार धरून ठेवलं, मग म्हणाल्या, "या. बसा."

संघर्ष अंबडला मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो आणि रविवारी घरी कॅमेरे. खिडकीशी टेबल आहे, त्यावर बारीक हत्यारं एका रांगेत. मला बघून उठला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. मी पिशवीतून मफलर काढून टेबलावर ठेवला. त्याने सोडला आणि त्याला लगेच कळलं. पंपासारखी ओढून बघितली, ती अर्ध्यात अडकली. बॅटरी लावून बघत बसला.

मी रिक्षात पाठ करून गेले होते. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "मी ठेवली होती. तू नेली नव्हतीस. मला माहीत होतं, तरी तुझं नाव घेतलं."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मीच नेली होती."

विमलाबाई म्हणाल्या, "तुमची पोरगी इथं दारात उभी राहिली होती. म्हणाली, संघर्ष, चुकून आली का रे तुझ्या बॅगेत? चुकून, असंच म्हणाली बिचारी. यानं बॅग पलंगावर उपडी केली. मग कपाट उघडून दाखवलं. मग माझी पेटी ओढायला लागला. मी म्हटलं, अरे तिच्यात माझ्या साड्या आहेत. तर म्हणाला, बघू दे तिला. तेव्हा ती रडत पळाली."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. जाताना दारात फक्त म्हणालीस, "तुझ्या एका वाक्यावर मी त्याच्या घरी जाऊन आले. मी तुझं ऐकलं, हेच मला सहन होत नाही." मला वाटायचं, एवढं काय त्यात, विचारलंच तर आहे. पेटीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी लेन्स आणून दिली असती असं लिहावंसं वाटतंय, पण ते मी खात्रीने लिहू शकत नाही.

मी माफी मागितली, दोघांची. विमलाबाई म्हणाल्या, "ऐकलं." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. संघर्ष म्हणाला, "पुढच्या काचेचा थर खाल्लाय काकू. बुरशी काढता येईल, पण उजेडासमोर धरली की फोटो धुरकट येणार. ते आता जाणार नाही." मी परत आलेली हवालदारांची लेन्स त्याच्यापुढे ठेवली, म्हटलं, ही तू घे. त्याने तीही बॅटरी लावून बघितली, चांगली आहे म्हणाला, आणि माझ्याकडे सरकवली. "मला नको. मी लेन्स मागितली नव्हती कधी."

मग मी विचारलं, निकिताची जेवढी साफ होईल तेवढी करशील का? ठेवून जाऊ?

तो म्हणाला, "अशी नाही. पोच करा."

टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर निकिता ओळखते. कुठे होती, कोणी ठेवली, आज कोणाकडे दिली. आई साक्षीदार. उद्या कोणी म्हणायला नको की वस्तू माझ्या घरी कशी."

तो रागाने बोलला नाही. मी दुकानदाराला बोलते तसं बोलला. एकतीस वर्षं मी लोकांना सांगतेय की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी लिहायला घेतलं, "सदर लेन्स अनवधानाने शालेय कपाटात राहिल्यामुळे," आणि त्याने कागदावर बोट ठेवलं. "सदर नको काकू. अनवधानाने तर नकोच. सरळ लिहा." मी तो कागद फाडला आणि दुसरा मागितला.

दुसऱ्यावर लिहिलं. वाचून दाखवलं. विमलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सही केली, त्याने केली, विमलाबाईंनी पूर्ण नाव सावकाश लिहिलं, विमलाबाई पगारे. मग त्यांनी चहा केला. तीन कप आणले, तिन्ही सारखे. मी आधी कोणता उचलावा म्हणून हात तसाच ठेवला, तर त्या म्हणाल्या, "कोणताही घ्या."

साफ करायला महिना लागेल म्हणाला. निघताना त्याने एक अट सांगितली. जो मूळ पोच आणून दाखवेल त्यालाच लेन्स देणार. झेरॉक्स चालणार नाही, मी आले तरी चालणार नाही.

ती पोच या पाकिटात आहे. नीट बघ, पाठीमागे चिकटलेली असेल. मी कोणताही कागद प्रत ठेवल्याशिवाय बाहेर सोडत नाही हे तुला माहीत आहे. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, उघडं होतं, मी दारात जाऊन परत फिरले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तू घरी येऊन राहावंस. ते मी परत घेते. नाशिकरोडला उतर, विहाराच्या मागे दुसरी गल्ली, डावीकडे तिसरं घर. लेन्स घे आणि तिथूनच परत गेलीस तरी चालेल. मला कळवायचीही गरज नाही. हवालदारांची लेन्स इथे खिडकीत आहे, झाकण काढून. दर रविवारी तिला उजेड दाखवते.

आई

सोबत: पोच, मूळ, एक.

"ऐंशी-दोनशेची लेन्स, नंबर २१४७०३, निकिता बोरस्ते हिची. २ मार्च २०२० रोजी मी, तिची आई साधना, ही तिच्या टेबलावरून न सांगता उचलली आणि माझ्या शाळेच्या कपाटात लपवली. संघर्ष पगारे याने ती नेली नव्हती. मला हे माहीत असताना मी त्याच्यावर आळ येऊ दिला. आज १२ जानेवारी २०२५ रोजी ही लेन्स साफ करण्यासाठी त्याच्याकडे दिली. ती मिळाली: संघर्ष पगारे. साक्षीदार: विमलाबाई पगारे."